पिठाचा कोंबडा

मुलांसाठी लिहायचं तर गोड लिहावं, असं आपण धरून चालतो. चांगला जिंकतो, वाईट हरतो आणि शेवटी सगळे पानावर बसतात. साने गुरुजींनी मुलांना रडवलं, पण त्या रडण्यावर आईचा पदर होता. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेनं मुलांचा जीव टांगणीला लावला, पण गडी सुखरूप परत येणार याची वाचणाऱ्याला मनातून खात्री असायची. आणि तिकडं अमेरिकेत सुझान कॉलिन्स नावाची एक लेखिका आहे. तिनं २००८ साली बारा ते अठरा वर्षांच्या मुलांना एका बंदिस्त रिंगणात सोडलं, त्यांच्या हाती शस्त्रं दिली, आणि एकच मूल उरेपर्यंत एकमेकांना मारायला लावलं. पुस्तकाचं नाव 'द हंगर गेम्स'. जगभरच्या पोरांनी ते डोक्यावर घेतलं. बाई तिथं थांबल्या नाहीत. २००९, २०१०, २०२० आणि २०२५, अशी आणखी चार पुस्तकं त्यांनी त्याच भयंकर जगावर लिहिली.

लहानांसाठी लिहिणाऱ्या माणसाला वाईट जगाची एवढी ओढ का असावी? आणि ही ओढ चांगली म्हणायची का? या लेखात मला एवढंच बघायचं आहे.

अशा साहित्याला इंग्रजीत 'डिस्टोपिया' म्हणतात. टॉमस मोरनं १५१६ साली 'युटोपिया' नावाचं एक आदर्श बेट कल्पिलं. त्याच्या नेमका उलटा शब्द जॉन स्टुअर्ट मिलनं १८६८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमधल्या भाषणात वापरला. पुढं विसाव्या शतकानं या शब्दात भरपूर माल भरला. हक्सलेचं 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' १९३२ चं, आणि आपल्या बिहारात, मोतिहारीला जन्मलेल्या ऑर्वेलचं '१९८४' हे १९४९ चं. कॉलिन्सबाईंनी स्वतःच्या तरुणपणीच्या आवडत्या पुस्तकांची एक यादी सांगितलेली आहे. तिच्यात '१९८४' आहे आणि 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' ही आहे. म्हणजे जी मुलगी सोळाव्या-सतराव्या वर्षी सत्तेनं माणसाचं मन कसं मोडलं जातं ते आवडीनं वाचत होती, एका बेटावर अडकलेली शाळकरी पोरं एकमेकांच्या जिवावर कशी उठतात ते वाचत होती, तीच पुढं मोठी होऊन तसं लिहू लागली. ओढ जुनीच आहे.

माझ्या घरात हे पुस्तक नातीनं आणलं. आठवीत होती तेव्हा.

"आज्जी, तू हे वाचच. मी दोन रात्रीत संपवलंय."

"काय आहे एवढं त्यात?"

"चोवीस पोरं असतात. एकमेकाला मारायची. एकटंच उरायचं. मी रडलो पण की गं."

आमच्या बेळगावकडं मुलीसुद्धा 'मी आलो, मी रडलो' असंच बोलतात, त्याचं पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "आणि तुला ते आवडलं?"

ती जरा थांबली. "आवडलं म्हणजे... सोडवेना."

आवडणं वेगळं आणि न सोडवणं वेगळं, हे पोरीला नेमकं कळलं होतं. खरा प्रश्न त्या दोन शब्दांच्या मधे आहे.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. अमेरिका कधीची नष्ट झाली आहे. तिच्या जागी पॅनेम नावाचा देश आहे. 'पॅनेम' म्हणजे लॅटिनमध्ये भाकरी. लोकांना भाकरी आणि खेळतमाशे दिले की ते राजकारण विसरतात, असं एक रोमन कवी म्हणून गेला, त्यातला हा शब्द. मधोमध कॅपिटॉल हे श्रीमंत शहर, भोवती त्याला पोसणारे बारा जिल्हे. जिल्ह्यांनी एकदा बंड केलं होतं, त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडायची आणि रिंगणात सोडायची. सगळं टीव्हीवर थेट दाखवायचं, आणि ते बघणं सगळ्यांना सक्तीचं. कॅटनिस ही सोळा वर्षांची मुलगी. तिच्या बारा वर्षांच्या धाकट्या बहिणीचं, प्रिमचं, नाव चिठ्ठीत निघतं आणि कॅटनिस तिच्या जागी स्वतः पुढं होते.

यातली एक बारीक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. गरीब घरातल्या मुलाला वर्षाचं धान्य-तेल हवं असेल तर ते मिळतं, पण त्या बदल्यात त्याच्या नावाची एक चिठ्ठी जास्त पडते. म्हणजे सोडत सगळ्यांना सारखी, पण उपाशी पोराचं नाव निघायचा संभव जास्त. कुणी कुणावर जबरदस्ती केली असं म्हणायची सोय नाही, कारण पोरानं स्वतःच्या हातानं सही केलेली असते. हे वाचताना मला आपल्याकडची ऊसतोडीची 'उचल' आठवली. हंगामाआधी पैसे उचलायचे, मग ते फिटेपर्यंत बायको-पोरांसकट फडात राबायचं. मराठवाड्यातून आमच्या भागात येणाऱ्या टोळ्यांबरोबर शाळा सुटलेली पोरं असतात, ती सगळ्यांनी बघितली आहेत. त्यांच्यावरही कुणी जबरदस्ती केलेली नसते. कॉलिन्सबाईंना उचल माहीत असायचं काही कारण नाही. पण भूक आणि सही यांचा संबंध त्यांना पक्का कळलेला आहे.

आता आक्षेप मांडते. तो परका नाही, आमच्या घरातलाच आहे.

समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकानं टाळायचे पाच अनर्थदंड सांगितले आहेत. अनर्थदंड म्हणजे ज्यातून कुणाचं काही साधत नाही, असं फुकटचं पाप. त्यांतला एक आहे 'दुःश्रुती'. ज्या कथा, जी शास्त्रं ऐकून मनात राग, द्वेष, मद, हिंसेचं साहस उसळतं, मन गढूळ होतं, ती ऐकणं म्हणजे दुःश्रुती. म्हणजे वाईट ऐकणं हेही करणंच, असं आचार्यांचं म्हणणं. आमची आई संध्याकाळी कुणी भांडणतंट्याच्या, खुनामारामारीच्या गोष्टी रंगवून सांगायला लागलं की "कशाला उगीच" म्हणून उठून जायची. तिनं रत्नकरंड वाचला होता की नाही कुणास ठाऊक, पण तिला दुःश्रुती कळत होती.

मग चोवीस मुलांच्या मरणाची ही गोष्ट दुःश्रुती नाही का? तेराव्या वर्षीच्या पोरीनं दोन रात्री जागून ती ऐकावी का?

यावर लगेच सुचणारं उत्तर असं, की अहो, ही तर कल्पित गोष्ट आहे. खरं मूल एकही मेलेलं नाही. कागद आणि शाई.

हे उत्तर मला पुरत नाही, आणि का पुरत नाही ते सांगायला मला यशोधर राजाकडं जावं लागतं. सोमदेवांच्या संस्कृत यशस्तिलकात ही कथा आहे, जन्न कवीनं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला ती कन्नडात आणली. आमच्या सीमाभागात अनेक घरांत आज्यांच्या तोंडून ती आलेली असते. यशोधर अहिंसक राजा. त्याच्या मनावर एक मोठं दुःख कोसळतं, त्याचं खरं कारण लपवण्यासाठी तो आईला म्हणतो, वाईट स्वप्न पडलं. आई म्हणते, शांतीसाठी देवीला बळी दे. तो नको म्हणतो. शेवटी मायलेकरांची तडजोड होते. खरा कोंबडा नको, पिठाचा करू. पिठाचा कोंबडा होतो आणि राजा त्याच्यावर तलवार चालवतो. एक थेंब रक्त सांडत नाही. आणि तरी मायलेकरांना जन्मोजन्मी पशुपक्ष्यांच्या योनीतून फिरावं लागतं, मारावं आणि मरावं लागतं.

लहानपणी मला हा अन्याय वाटायचा. पिठाचाच होता की! आता कळतं की कथेला नेमकं तेवढंच सांगायचं आहे. मारलं कोण, यापेक्षा मारताना मनानं काय केलं, हे ती विचारते. म्हणून कादंबरीतलं मूल कागदाचं आहे, हा काही बचाव होत नाही. कोंबडा पिठाचा असला तरी तलवार उचलणारा हात खरा होता. मूल कागदाचं असलं तरी पान उलटताना धडधडणारं मन खरं असतं.

म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: ते मरण वाचताना मन काय करत असतं?

आपल्याकडं कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भाग करतात. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्यानं केलेल्याला मनातून 'बरं झालं' म्हटलेलं. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात याचा हिशोबच आहे. मनात बेत करणं, त्याची तयारी करणं आणि प्रत्यक्ष सुरुवात करणं या तीन पायऱ्या, मन-वचन-काय ही तीन साधनं, कृत-कारित-अनुमोदित हे तीन प्रकार, आणि क्रोध-मान-माया-लोभ हे चार कषाय. गुणाकार केला की एकशेआठ होतात. जपमाळेचे मणी त्यासाठीच एकशेआठ, असं आम्हाला पाठशाळेत सांगायचे. त्या एकशेआठांतले छत्तीस मणी निव्वळ अनुमोदनाचे आहेत. म्हणजे एक तृतीयांश पाप हे हात न लावता, बसल्या जागी होणारं.

कॉलिन्सबाईंनी हे शास्त्र वाचलेलं नाही, पण त्यांची सगळी कादंबरी या छत्तीस मण्यांवर उभी आहे. कॅपिटॉलमधले लोक कुणाला मारत नाहीत. ते मारायला सांगतही नाहीत, ते काम सरकार करतं. ते फक्त बघतात. आवडत्या स्पर्धकावर पैज लावतात, त्याला भेटवस्तू पाठवतात, तो मेला तर खरोखर रडतात, आणि पुढच्या वर्षी परत बघायला बसतात. व्यक्ती म्हणून त्यांतले बरेच जण प्रेमळ आहेत. कॅटनिसला सजवणारी मंडळी तिच्यावर जीव लावतात. फक्त हे सगळं मुळात का चाललं आहे, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात येत नाही. क्रूर माणूस ओळखता येतो. हा प्रेमळ बघ्या ओळखायला अवघड, कारण तो आपल्यासारखा दिसतो.

ही कादंबरी सुचली कशी, ते बाईंनी सांगितलं आहे. रात्री टीव्हीवर वाहिन्या बदलत असताना एका वाहिनीवर तरुण पोरांची स्पर्धा चालली होती आणि दुसरीवर इराकच्या युद्धाची दृश्यं. बटण दाबता दाबता दोन्ही एकमेकांत मिसळायला लागली. त्या मिसळण्यानं त्या दचकल्या. त्यात लहानपणी वाचलेली ग्रीक कथा येऊन मिळाली. अथेन्सनं शिक्षा म्हणून सात मुलगे आणि सात मुली क्रीटला पाठवायच्या आणि तिथं त्यांना मिनोटॉर या राक्षसानं खायचं, अशी ती कथा.

पण मला वाटतं, दचकायची तयारी त्याच्या फार आधी झाली होती. बाईंचा जन्म १९६२ चा. वडील हवाई दलात अधिकारी. १९६८ मध्ये ते वर्षभरासाठी व्हिएतनामला गेले तेव्हा ही पोर सहा वर्षांची होती. त्या वर्षाबद्दल त्यांनी पुढं २०१३ मध्ये अगदी लहान मुलांसाठी एक चित्रपुस्तक लिहिलं. परत आलेल्या वडिलांना युद्धाच्या इतिहासाचा ध्यास होता. मुलांना घेऊन ते रणभूमी बघायला जायचे आणि तिथं काय झालं, का झालं, त्याची किंमत कुणी मोजली, हे सगळं सांगायचे. पोरं लहान आहेत, त्यांना नको सांगायला, असं त्यांनी मानलं नाही. जिचा बाप युद्धावर आहे तिला युद्ध म्हणजे काय ते कळायला नको, असं म्हणणं म्हणजे तिला अंधारात एकटं बसवणं. मूल तिथं स्वतःच्या मनानं त्याहून भयंकर चित्रं काढत बसतं.

इथं मला दुसरी एक लेखिका आठवते, लॉइस लोरी. 'द गिव्हर' हे तिचं पुस्तक १९९३ चं, पुढल्या वर्षी त्याला अमेरिकेतलं बालसाहित्याचं मोठं न्यूबेरी पदक मिळालं. त्यातलं जग बघायला गेलं तर सुखी आहे. युद्ध नाही, भूक नाही, भांडण नाही. कारण लोकांची सगळी आठवण काढून घेतलेली आहे. रंगसुद्धा दिसत नाहीत कुणाला. ते पुस्तक कुठून आलं हे सांगताना लोरीबाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांची गोष्ट सांगतात. वडील थोरल्या मुलीच्या फोटोकडं बघून नाव बरोबर सांगायचे, पण तिचं काय झालं ते त्यांना आठवत नव्हतं. ती तरुणपणीच कॅन्सरनं गेली होती. दुःख विसरलं की बरं वाटतं, पण ते विसरणं सुरक्षित असतं का, असा प्रश्न त्यांना पडला, आणि त्यातून ते बिनरंगाचं जग तयार झालं. त्या जगात बारा वर्षांचा जोनास एक दिवस चित्रफितीत बघतो, की आपले प्रेमळ वडील एका तान्ह्या बाळाला हसत, लाडानं बोलत, सुई टोचून मारताहेत. वडील दुष्ट नाहीत. आपण काय करतो आहोत हे त्यांना कळतच नाही. दुःखाची आठवण नाही, म्हणून करुणाही नाही.

अमेरिकेतल्या कित्येक पालकांनी हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयातून काढा म्हणून तक्रारी केल्या. त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही. माझी आई उठून जायची तीच ती काळजी. पण आई कशावरून उठायची ते नीट आठवलं की फरक दिसतो. खून झाला, या बातमीवर ती उठत नव्हती. शेजारी मयत झाली तर पहिली तीच जायची. रंगवून सांगणाऱ्याच्या आवाजात जी मजा यायला लागायची, तिच्यावर ती उठायची. शास्त्रात त्या मजेला नाव आहे, हिंसानंद. रौद्रध्यानाच्या चार प्रकारांतला पहिला. दुःश्रुतीची परीक्षा विषयावरून होत नाही, या आनंदावरून होते. नाहीतर नरकाची वर्णनं सांगणारे आमचे सगळे पुराणग्रंथ दुःश्रुतीच ठरले असते.

या परीक्षेला 'हंगर गेम्स' उतरतं का? माझ्या मते पुस्तक उतरतं, आणि त्यासाठी ते वाचणाऱ्याशी बऱ्यापैकी कठोर वागतं. रिंगणात रू नावाची बारा वर्षांची मुलगी मरते. खेळाच्या नियमानं हा एक स्पर्धक कमी झाला, आनंदच व्हायला पाहिजे. कॅटनिस तिथं थांबते, रानफुलं तोडते आणि त्या पोरीचं शरीर फुलांनी झाकते. खेळाच्या मधोमध ती सुतक पाळते. मोजणीतला एक आकडा परत कुणाची तरी मुलगी होतो. रूच्या जिल्ह्यातली उपाशी माणसं पोटाला चिमटा काढून कॅटनिसला भाकरी पाठवतात. हे वाचून कुणाला मारामारीची मजा आठवत असेल असं मला वाटत नाही. माझी नात रडली ती इथंच.

आणि तिसऱ्या पुस्तकात बाई वाचकाचा शेवटचा आनंदही काढून घेतात. क्रांती जिंकते, पण जिच्यासाठी कॅटनिस पहिल्यांदा पुढं झाली होती, ती प्रिमच त्या विजयात मरते, आणि तो बॉम्ब बहुधा आपल्याच बाजूनं टाकलेला असतो. क्रांतीची नवी प्रमुख सुचवते की आता एक शेवटचा खेळ कॅपिटॉलच्या मुलांचा घेऊ या. हाच तो क्षण, जिथं वाचणाऱ्याच्या मनात 'बरं होईल, कळू दे त्यांना' असं येऊन जातं. माझ्या आलं होतं. कॅटनिसही मतदानात हो म्हणते. आणि नंतर जुन्या जुलमी अध्यक्षाला मारायला ताणलेला बाण ती फिरवते आणि नव्या प्रमुखावर सोडते. बळी देणारा बदलला तरी वेदी तीच आहे, हे तिला दिसलेलं असतं. तिचा बाणही हिंसाच, त्याला मी अहिंसा म्हणणार नाही. पण सूडाच्या अनुमोदनातून वाचकाला एवढ्या जोरानं खेचून काढणारं मुलांचं पुस्तक माझ्या वाचनात दुसरं नाही.

बाजारानं मात्र वेगळं केलं. सिनेमा आला २०१२ मध्ये, आणि पाठोपाठ एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीनं कॅपिटॉलच्या नटव्या लोकांच्या नावानं रंगरंगोटीचं सामान विकायला काढलं. जिच्यावर टीका केली तीच नटवी दुनिया मुलींनी चेहऱ्यावर लावायची. पुस्तक ज्याला पिठाचा कोंबडा कापताना पकडतं, त्यालाच दुकानदार म्हणतो, या, या, अजून दोन घ्या. नंतर अशा पुस्तकांची जी लाट आली तिच्यातही कित्येकांत मेलेल्यांची नावं लक्षात राहत नाहीत, नुसती उत्कंठा राहते. त्यांना दुःश्रुती म्हणायला माझी हरकत नाही. नातीला मी एवढंच सांगितलं आहे, पुस्तक मिटल्यावर मेलेल्यांतल्या चारजणांची नावं सांगता आली तर ते पुस्तक चांगलं. ती आता मलाच परीक्षा घेऊन दाखवते.

अजून एक प्रश्न राहतो. वाईट जगाचं भविष्य आमच्याकडंही आहेच. आपण अवसर्पिणीच्या पाचव्या काळात, दुःषमात आहोत. हा एकवीस हजार वर्षांचा. यानंतर तेवढ्याच लांबीचा सहावा, दुःषमा-दुःषमा. माणसं खुजी होत जातात, आयुष्य वीसेक वर्षांवर येतं, धर्म उरत नाही, राजा उरत नाही, माणसं जनावरांसारखी राहतात. कुठल्याही कादंबरीनं लाजावं असं ते चित्र आहे. पण त्यात कुणाचा दोष नाही. चाक फिरतं, काळ उतरतो, पुन्हा चढतो. लहानपणी ते ऐकून भीती वाटायची आणि तरी एक निवांतपणाही वाटायचा, कारण आपल्या हातात काही नव्हतं.

डिस्टोपिया लिहिणारे तो निवांतपणा देत नाहीत. त्यांच्या जगात काळ आपोआप उतरत नाही, कुणीतरी त्याला उतरवतं, आणि बाकीचे उतरवू देतात. २०२५ च्या पुस्तकामागं बाईंनी डेव्हिड ह्यूम या अठराव्या शतकातल्या तत्त्वज्ञाचा विचार घेतला आहे. मूठभर माणसं पुष्कळांवर इतक्या सहज राज्य करतात, याचं ह्यूमला नवल वाटायचं. बळ तर नेहमी पुष्कळांकडंच असतं. म्हणजे राज्य चालतं ते पुष्कळांच्या मान डोलावण्यावर. मला विचाराल तर ह्यूम अनुमोदनाबद्दलच बोलतो आहे. छत्तीस मणी सरकवणारे हात थांबले की माळ थांबते.

हे नुसतं पुस्तकी नाही. कादंबरीत निरोप आणि आदर दाखवायला तीन बोटं वर करतात. २०१४ च्या मे महिन्यात थायलंडमध्ये लष्करानं सत्ता घेतली तेव्हा तिथल्या तरुणांनी रस्त्यात उभं राहून नुसती ती तीन बोटं वर केली. लष्करानं त्यासाठी पोरांना धरून नेलं. २०२१ मध्ये म्यानमारातही तीच बोटं वर आली. हातात शस्त्र नाही, तोंडात घोषणा नाही. 'आम्ही मान डोलावत नाही' एवढंच सांगणारी तीन बोटं. मुलांच्या एका गोष्टीची राज्यकर्त्यांना भीती वाटावी, याचा अर्थ ती गोष्ट निव्वळ करमणूक नव्हती.

म्हणून त्या ओढीबद्दल मला आता असं वाटतं. कॉलिन्सबाईंचं प्रेम वाईट जगावर नाही. प्रेम आहे ते मुलांना खरं सांगण्यावर, आणि अजून वेळ आहे तोवर सांगण्यावर. वैद्य रोगावर प्रेम करतो असं कुणी म्हणत नाही, पण रोगाचं नीट वर्णन करण्यात त्याला गोडी असते, आणि ती नसेल तर तो वैद्य कच्चा.

यशोधराच्या कथेचा अर्धाच भाग मी वर सांगितला. ती गोष्ट सांगतं कोण, हे सांगायचं राहिलं. मारिदत्त राजा देवीपुढं नरबळी द्यायला निघालेला आहे. त्यासाठी धरून आणलेले आहेत एक मुलगा आणि एक मुलगी, जुळी भावंडं. अगदी कॅपिटॉलच्या सोडतीतल्यासारखी. राजा त्यांना विचारतो, तुम्ही कोण? आणि ती दोन पोरं वेदीपुढं उभी राहून, आपणच पूर्वी तो राजा आणि त्याची आई होतो, इथून सुरुवात करून पिठाच्या कोंबड्याची आणि पुढच्या सगळ्या मारण्या-मरण्याची गोष्ट सांगतात. काहीही गोड करत नाहीत. गोष्ट संपते तेव्हा राजाच्या हातातून तलवार गळून पडलेली असते.

भयंकर गोष्ट कधी सांगावी, कुणी सांगावी, याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. तलवार वर असताना सांगावी, आणि ज्याच्या मानेवर ती आहे त्यानं किंवा त्याच्या बाजूनं सांगावी.

आणि सांगून झाल्यावर काय करावं, तेही बाईंनी शेवटच्या पानांवर लिहून ठेवलं आहे. कॅटनिस आता आई झाली आहे. रात्री अजून वाईट स्वप्नं पडतात. अशा वेळी ती मनात एक यादी करते. आजवर कुणाकुणाला चांगलं वागताना बघितलं, ते एकेक आठवत जाते. तेच तेच पुन्हा येतं, कंटाळाही येतो, पण ती थांबत नाही. आमच्याकडं याला प्रमोद भावना म्हणतात. चांगलं केलेलं बघून मनातून 'बरं झालं' म्हणणं. तेही अनुमोदनच. बघणाऱ्याच्या हातात तेवढे मणी असतातच. ते कशासाठी सरकवायचे, हे प्रत्येक वेळी त्यालाच ठरवावं लागतं.